आज्ञेची ओळ आणि जाळ्याची खिडकी

मुंबईहून आग्र्याकडे जाणारा रस्ता थळ घाट चढून इगतपुरीच्या पठारावर आला कीं थोड्याच अंतरावर घोटी लागते. भाताची पेठ म्हणून हें गांव आसपासच्या मुलखांत प्रसिद्ध आहे. येथूनच एक वाट सिन्नरकडे फुटते. या रस्त्यानें आधीं लमाणांचे तांडे गेले, मग पलटणी गेल्या, मग टपाल धांवूं लागलें. इ. स. १८५४ मध्यें विल्यम ओ'शॉनेसी याच्या देखरेखीखालीं कलकत्ता, आग्रा आणि मुंबई हीं ठिकाणें विजेच्या तारेनें जोडलीं गेलीं. आग्र्याहून ती तार इंदूरमार्गें मुंबईस आली. पुढें १८६५ मध्यें थळ घाटांतील रेल्वे सुरू झाली, आणि रुळांच्या सोबतीनें तारेचे खांब घोटीच्या शिवारांतूनही उभे राहिले.

तार म्हणजे तरी काय? दूर बसलेल्या कोणास थोडक्या शब्दांत कांहीं सांगावयाचें आणि त्याचें उत्तर येईपर्यंत स्वस्थ बसावयाचें. शब्दागणिक पैसा पडे, म्हणून मजकूर आंखूड; आणि आंखूड मजकुराचा अर्थ चुकूं नये, म्हणून त्याची ठरीव रीत. ही रीत तारखात्याबरोबर नाहींशी झाली असें पुष्कळांस वाटतें. परंतु ती संगणकाच्या पोटांत शिरून बसली आहे. घोटीच्या पेठेंतील एखादा दुकानदार आज भाताचा भाव पाहण्यासाठीं एका चित्रावर बोट टेकवतो आणि ब्राउझर म्हणजे जाळ्यांत डोकावण्याची ती खिडकी उघडते. संगणकावर अशा चित्राच्या मागें बहुधा टंकलेल्या अक्षरांची एक ओळ दडलेली असते. कोणता कार्यक्रम सुरू करावयाचा, तो कसा मांडावयाचा, प्रथम कोणतें पान दाखवावयाचें, हें सर्व त्या ओळींत लिहितां येतें. तिला आज्ञेची ओळ म्हणतात. इंग्रजीचें 'कमांड लाइन' हें नांवही आतां मराठींत रुळलें आहे.

तारेच्या यंत्रास टंकलेखनयंत्राची कळफळी जोडली गेली तेव्हां टेलिप्रिंटर जन्मास आला. वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांतून त्याची खडखड रात्रभर चाले. संगणकाशीं बोलण्यासाठीं एखाद्या साधनाची गरज पडली तेव्हां शास्त्रज्ञांच्या हाताशीं हेंच तयार साधन होतें. अमेरिकेंतील टेलिटाइप कंपनीचें '३३' क्रमांकाचें यंत्र १९६३ मध्यें निघालें. तें सेकंदाला दहा अक्षरें छापी, आणि तींही रोमन लिपींतील केवळ मोठीं अक्षरें. न्यू जर्सींतील बेल प्रयोगशाळेंत केन टॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनीं १९६९ मध्यें युनिक्स या प्रणालीचा पाया घातला, तो अशाच यंत्रांसमोर बसून. कळा जड आणि छपाई संथ, यामुळें त्यांनीं आज्ञांचीं नांवें दोन-दोन अक्षरांचीं ठेविलीं. फायलींची यादी हवी असल्यास 'एलएस', नक्कल हवी असल्यास 'सीपी'. टेलिटाइपचें 'टीटीवाय' हें आद्याक्षरी नांवही त्यांनीं प्रणालींत घालून ठेविलें.

आज्ञेच्या पुढें एक आडवी रेघ काढून एखादें अक्षर लिहिलें कीं आज्ञेचा प्रकार बदलतो, ही युक्तिही त्याच काळांतील. आग्रा रस्त्यावरील हॉटेलांत गिऱ्हाईक 'एक चहा, कमी साखर, मलई नको' असें ओरडतें, त्यांतलाच हा प्रकार होय. 'चहा' ही आज्ञा. 'कमी साखर' आणि 'मलई नको' हे तिचे फांटे. पोऱ्या दरवेळीं दहा प्रश्न विचारीत नाहीं, आणि गिऱ्हाइकासही खुर्चीवरून उठावें लागत नाहीं. या फांट्यांस संगणकाचे लोक 'स्विच' किंवा 'पर्याय' म्हणतात. ब्राउझरची सारी मांडणी पुढें याच फांट्यांवर उभी राहिली.

स्वित्झर्लंडांत जिनीव्हाजवळ अणुगर्भाचें संशोधन करणारी 'सर्न' नांवाची संस्था आहे. तेथें नोकरीस असलेल्या टिम बर्नर्स-ली या इंग्रज गृहस्थानें मार्च १९८९ मध्यें निरनिराळ्या संगणकांवरील कागदपत्रें एकमेकांस जोडण्याची एक योजना वरिष्ठांपुढें ठेविली. १९९० च्या अखेरीस त्यानें पहिला ब्राउझर तयारही केला. तो खिडक्यांचा होता, देखणा होता, त्यांत पानें वाचतां येत तशीं लिहितांही येत. अडचण एवढीच कीं, तो 'नेक्स्ट' नांवाच्या महागड्या संगणकावरच चाले, आणि तसे संगणक जगांत फार थोडे होते. ज्या जाळ्याचें नांवच 'जगभर पसरलेलें जाळें' असें ठेवावयाचें, तें चार श्रीमंत मेजांपुरतें राहिलें असतें.

यावर उपाय केला तो निकोला पेलो या गणिताच्या विद्यार्थिनीनें. ती सर्नमध्यें कांहीं काळ उमेदवारीस आली होती. तिच्याकडे असें काम आलें कीं, कोणत्याही संगणकावर, अगदीं टेलिटाइपसारख्या यंत्रावरसुद्धां चालेल असा ब्राउझर करावयाचा. १९९१ मध्यें तो पुरा झाला. त्याचें नांवही साधें, 'लाइन मोड', म्हणजे ओळीओळीचा ब्राउझर. आज्ञेच्या ओळीवर तीन वेळां 'डब्ल्यू' टंकून पुढें पानाचा पत्ता द्यावा. पान अक्षरांत उमटे. जेथें दुसऱ्या पानाकडे जाण्याचा दुवा असे तेथें कंसांत एक अंक येई. तो अंक टंकला कीं पुढचें पान हजर. कागदाची रुंदी किती, एका वेळीं किती ओळी दाखवावयाच्या, हें आज्ञेबरोबरच सांगतां येई. ज्यांच्याकडे हा कार्यक्रमही नव्हता त्यांना दूरच्या संगणकांतून सर्नच्या संगणकावर प्रवेश करून तेथेंच तो चालवून पाहण्याची मोकळीक होती. परवलीचा शब्दही लागत नसे. जाळ्याच्या इतिहासांत पुढील रंगीत ब्राउझरांचें कौतुक पुष्कळ होतें. पेलोबाईंच्या या ओबडधोबड कार्यक्रमाचा उल्लेख मात्र एका ओळींत आटोपला जातो, आणि हा न्याय नव्हे. गरिबांतल्या गरीब यंत्रावरही पान वाचतां आलें पाहिजे, ही अट प्रत्यक्षांत प्रथम पाळली गेली ती येथें.

अमेरिकेंतील कॅन्सस विद्यापीठांत १९९२ मध्यें लू माँटुली, मायकेल ग्रोब आणि चार्ल्स रेझॅक यांनीं 'लिंक्स' हा अक्षरी ब्राउझर आरंभिला. मूळ हेतु विद्यापीठांतील माहिती विद्यार्थ्यांस मिळावी एवढाच होता. पुढच्याच वर्षीं तो जाळ्याचा ब्राउझर झाला. यांत अंक टंकण्याची गरज नसे. बाणांच्या कळांनीं वर-खालीं सरकावें, उजव्या बाणानें दुव्यांत शिरावें, डाव्यानें परतावें. लिंक्सची खरी मौज त्याच्या मांडणींत आहे. साऱ्या संगणकासाठीं एक नियमांची फाइल असते. तिच्याऐवजीं दुसरी फाइल वापरावयाची असेल तर तिचें नांव प्रणालीच्या वातावरणांत एका ठराविक शब्दाखालीं लिहून ठेवतां येतें. 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू होम' या शब्दाखालीं पहिल्या पानाचा पत्ता लिहून ठेवला कीं ब्राउझर उघडतांच तें पान येतें. मध्यस्थ संगणकामार्फत बाहेर जावयाचें असेल तर त्याचा पत्ताही असाच लिहावा लागतो. आणि इतकें सारें ठरलेलें असूनही आज्ञेच्या ओळींत कांहीं निराळें लिहिलें तर त्या वेळेपुरता ओळीचाच शब्द चालतो. घरांत रोज वरणभात हा नियम. पण आज एकादशी आहे असें आजीनें सकाळीं सांगितलें कीं आजपुरतें साबुदाण्याचें पातेलें चढतें आणि नियम जागच्या जागीं राहतो. जवळची आज्ञा दूरच्या नियमावर मात करते, हें तत्त्व ज्यास समजलें त्यास ब्राउझरची मांडणी निम्मी समजली.

लिंक्सचे दोन फांटे विशेष ध्यानांत ठेवण्याजोगे आहेत. 'डंप' हा पहिला. तो लावला असतां लिंक्स पान उघडून बसत नाहीं. पानांतील मजकूर ओततो आणि निघून जातो. तो मजकूर फायलींत सांठवावा, छापावा, अगर दुसऱ्या कार्यक्रमाच्या हवालीं करावा. अंध वाचकांस अक्षरें बोलून दाखविणाऱ्या यंत्रांच्या साहाय्यानें जाळें वाचतां आलें, त्यांतही अशा निव्वळ अक्षरी ब्राउझराचा मोठा वांटा आहे. दुसरा फांटा निर्बंधांचा. सार्वजनिक खात्यावर लिंक्स सुरू करतांना चालकास असें ठरवितां येतें कीं, वाचणाऱ्यानें फाइल सांठवूं नये, छापूं नये, आज्ञेच्या ओळीवर तर मुळींच उतरूं नये. एकाच ओळीनें वाचकास मोकळें करतां येतें आणि एकाच ओळीनें त्याचे हात बांधतांही येतात. ओळ कोण टंकतो, एवढाच काय तो प्रश्न.

दरम्यान मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रविद्यालयांत १९८४ मध्यें 'एक्स विंडो' नांवाची खिडक्यांची प्रणाली निघाली होती. तिच्यांत कार्यक्रम एका संगणकावर चाले आणि त्याची खिडकी दुसऱ्याच संगणकाच्या पडद्यावर उघडे. कोणत्या पडद्यावर, किती रुंद, कोणत्या कोपऱ्यांत, हें सारें आज्ञेच्या ओळींत सांगावयाचें. इलिनॉय येथील मार्क अँड्रीसन व एरिक बिना यांचा 'मोझाइक' १९९३ मध्यें प्रथम या प्रणालीवर आला, आणि मजकुराच्या शेजारींच चित्रें दिसूं लागलीं. १९९४ च्या अखेरीस नेटस्केप आला. त्याच्या युनिक्सवरील आवृत्तींत एक सोय फार उपयुक्त होती. ब्राउझर आधींच उघडा असतां दुसऱ्यांदा तोच सुरू केल्यास दोन प्रती एकाच नोंदवहींत लिहूं लागतील आणि घोटाळा होईल. म्हणून 'रिमोट' असा फांटा देऊन उघड्या ब्राउझरासच नवें पान उघडण्याचा निरोप धाडतां येई.

हें सारें परदेशीं चाललें असतां मुंबईंत काय स्थिति होती? जुहूच्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रविज्ञान केंद्रांत आणि पवईच्या आय.आय.टी.मध्यें १९८६-८७ च्या सुमारास ई-मेलची देवघेव सुरू झाली होती. 'अर्नेट' या शैक्षणिक जाळ्याचा तो आरंभ. परंतु तें जाळें संशोधक व प्राध्यापकांचें होतें. सामान्य गृहस्थास त्यांत शिरकाव नव्हता. सामान्यांसाठीं दार उघडलें तें विदेश संचार निगमानें, १५ ऑगस्ट १९९५ रोजीं.

या संस्थेची वंशावळ मोठी मनोरंजक आहे. १९२७ मध्यें पुण्याजवळ खडकी येथून संदेश पाठविणारें आणि दौंड येथें संदेश घेणारें बिनतारी केंद्र उभें राहिलें, आणि मुंबई इलाख्याचा इंग्लंडशीं थेट बिनतारी संबंध जुळला. १९४७ मध्यें ती व्यवस्था सरकारकडे आली आणि तिचें समुद्रपार दळणवळण खातें झालें. १९७१ मध्यें नारायणगांवाजवळ आर्वी येथें उपग्रहाशीं बोलणारी थाळी उभी राहिली. १९८६ मध्यें खात्याची कंपनी झाली, तीच विदेश संचार निगम. म्हणजे दौंडच्या उंच खांबांचा वारसा ज्या घराण्याकडे आला, त्याच घराण्यानें मराठी माणसास पहिल्यानें इंटरनेट दिलें.

खात्यांचे मुख्य प्रकार दोन होते. एक महागडें, त्यांत ग्राहकाचा संगणक स्वतःच इंटरनेटचा घटक होई आणि नेटस्केपमध्यें चित्रें दिसत. दुसरें 'शेल' खातें. त्यांत ग्राहकाचा संगणक नुसतें टर्मिनल होई, म्हणजे जुन्या टेलिटाइपचाच अवतार, आणि सारें काम निगमच्या युनिक्स संगणकावर अक्षरांत चाले. व्यक्तीसाठीं २५० तासांस ५,००० रुपये असा दर होता; विद्यार्थ्यांसाठीं पुढें ५०० रुपयांचें सवलतीचें शेल खातें निघालें. त्या पांचशें रुपयांनीं महाराष्ट्रांतील एका सबंध पिढीस आज्ञेची ओळ शिकविली, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं.

श्रोत्यांनीं त्या वेळचें एक घर डोळ्यांपुढें आणावें. रात्रीचे अकरा वाजून गेले आहेत, कारण दिवसा टेलिफोन घरच्यांस हवा असतो. मुलगा मोडेमकडून निगमचा नंबर फिरवितो. नंबर लागत नाहीं, पुनः फिरवितो. दहाव्या-बाराव्या खेपेस मोडेमची ती किंकाळी आणि खरखर ऐकूं येते, आणि आंतल्या खोलींतून 'अरे, झोपूं दे कीं!' अशी हांक येते. काळ्या पडद्यावर नांव विचारलें जातें, मग परवलीचा शब्द. मग मुलगा 'लिंक्स' टंकतो, एक जागा सोडतो, पत्ता लिहितो. सेकंदाला ९,६०० बिटांच्या मोडेमवरून साधारण ९६० अक्षरें येतात. म्हणजे दोन हजार अक्षरांचें पान दोन-सव्वादोन सेकंदांत पुरें होतें. तेंच चाळीस हजार अक्षरांएवढें एखादें चित्र असतें तर पाऊण मिनिट लागलें असतें. महाग खात्याचा मालक चित्र उतरण्याची वाट पाहत बसे, तेवढ्यांत पांचशें रुपयांचा विद्यार्थी दहा-वीस पानें वाचून मोकळा होई. परदेशच्या विद्यापीठांचीं प्रवेशपत्रकें, ग्रंथालयांच्या याद्या, युनिक्सचीं मार्गदर्शकें हीं सर्व अक्षरांचींच असल्यामुळें त्याचें कांहीं अडत नसे.

तरी मन चित्रांकडे ओढ घेईच. मग 'स्लर्प' किंवा 'दि इंटरनेट अॅडॉप्टर' असे कार्यक्रम शेल खात्यांत चढवून त्या अक्षरांच्या वाटेनेंच इंटरनेटचीं पाकिटें आणण्याची खटपट होऊं लागली. 'शेलसॉक' नांवाचा कार्यक्रमही भारतांतील शेल खातेदारांत पुष्कळ प्रचारांत होता. हें सारें कायद्याच्या काठाकाठानें चाले; पण त्या निमित्तानें मुलांनीं प्रणालींचीं मार्गदर्शकें पालथीं घातलीं, हेंही खरें.

हा लाभ मुख्यतः मोठ्या शहरांपुरता होता. ज्या गांवीं निगमचें केंद्र नव्हतें तेथील ग्राहकास जवळच्या केंद्राचा नंबर एस.टी.डी.नें फिरवावा लागे, आणि मग पांचशें रुपयांच्या खात्यापेक्षां टेलिफोनचें बिलच जड होई. घोटीसारख्या ठिकाणच्या मुलास हा शौक परवडणारा नव्हता. तार गांवावरून जावी आणि संदेश दुसऱ्यांचे असावेत, हा अनुभव या मार्गावरील गांवांस नवा नाहीं. नोव्हेंबर १९९८ मध्यें इंटरनेट पुरविण्याची परवानगी खासगी कंपन्यांस मिळाली, दर उतरले, सायबर कॅफे निघाले, आणि शेल खात्याचें महत्त्व संपलें.

आतां मराठीची गोष्ट. आज्ञेच्या ओळीशीं मराठीचें कधीं जुळलेंच नाहीं असा समज आहे. तो पुरता खरा नाहीं. कानपूरच्या आय.आय.टी.मध्यें भारतीय लिप्यांसाठीं जें 'जिस्ट' तंत्र सुरू झालें तें मोहन तांबे यांच्याबरोबर १९८८ मध्यें पुण्यास, नव्यानें स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेंत आलें. जिस्टचें कार्ड साध्या संगणकांत बसविलें कीं अक्षरी पडद्यावर देवनागरी उमटे. जिस्टचीं टर्मिनलेंही निघालीं. रोमन अक्षराचें काम सोपें आहे. पडद्याचे सारखे चौकोन पाडावयाचे आणि एकेका चौकोनांत एकेक अक्षर बसवावयाचें. देवनागरींत वेलांटी मागें येते, रफार डोक्यावर चढतो, 'स्त्री' हें अक्षर किती चौकोनांचें तें ठरत नाहीं. जिस्टनें हें कोडें स्वतंत्र यंत्रसामग्रीनें सोडविलें. १९९१ मध्यें भारतीय लिप्यांच्या संकेतांचें प्रमाणकही ठरलें.

परंतु जाळ्यावर मराठी आली ती या वाटेनें आली नाहीं. आरंभींच्या मराठी वर्तमानपत्रांनीं आपापले टंक वापरले. एकाच्या टंकांत दुसऱ्याचा मजकूर उघडला तर निरर्थक रोमन चिन्हांची रांग दिसे. त्यामुळें वाचकानें आधीं टंक उतरवून घ्यावा, मग ब्राउझरच्या मांडणींत तो निवडावा, आणि दुसऱ्या वर्तमानपत्रासाठीं पुनः बदलावा. लिंक्समध्यें पान कोणत्या संकेतांत आहे असें धरावें आणि पडद्यावर कोणत्या संकेतांत दाखवावें, हें आज्ञेबरोबर सांगण्याचे फांटे आहेत. पण ज्या मजकुरास प्रमाण संकेतच नाहीं त्यास फांटा तरी काय करणार? घोटीच्या शेजारीं इगतपुरीस विपश्यना विशोधन विन्यासानें त्रिपिटकाचे पाली ग्रंथ संगणकावर आणून १९९७ मध्यें त्यांची तबकडी काढली, आणि पुढें तो मजकूर इंटरनेटवर देवनागरीसह अनेक लिप्यांत उपलब्ध झाला. अडीच हजार वर्षांच्या परंपरेचा ग्रंथ एका लिपींतून दुसरींत यंत्रानें उतरतो, तो त्यामागें प्रत्येक अक्षराचा निश्चित संकेत असतो म्हणूनच.

निश्चित संकेताचा तिढा सुटला तो युनिकोडमुळें. आणि येथें एक जुनी ओळख पुनः भेटते. युनिकोडचीं अक्षरें जाळ्यावरून पाठविण्याची जी 'यूटीएफ-८' ही पद्धति आज सर्वत्र रूढ आहे, तिचा आराखडा सप्टेंबर १९९२ मध्यें न्यू जर्सींतील एका खाणावळींत, ताटाखालच्या कागदावर, रॉब पाइक यांच्यासमवेत केन टॉम्प्सन यांनींच मांडला. तेच टॉम्प्सन, ज्यांनीं टेलिटाइपसमोर बसून युनिक्स लिहिलें. या पद्धतींत रोमन अक्षरास एक बाइट लागतो, तर देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास तीन. मराठीस हें थोडें महाग पडलें. पण मराठी सर्वत्र एकच झाली. आज लिनक्स संगणकावर भाषेच्या चलांत मराठीचा संकेत लिहून त्याच ओळींत पुढें ब्राउझरचें नांव टंकलें, आणि मराठी आवृत्ति बसविलेली असली, तर त्याच्या मेन्यूंतील शब्द मराठींत येऊं शकतात; बाकी सारा संगणक हवा तर इंग्रजींत राहूं शकतो. अक्षरी पडद्यावर मात्र देवनागरीचीं जोडाक्षरें आजही पुष्कळ ठिकाणीं तुटतात.

नेटस्केपच्या घराण्यांतून २००४ मध्यें फायरफॉक्सची पहिली आवृत्ति आली आणि २००८ मध्यें गूगलचा क्रोम आला. फायरफॉक्समध्यें आडवी रेघ व मोठा 'पी' लिहून पुढें नांव दिलें कीं ब्राउझर त्या नांवाच्या दप्तरासह उघडतो. एकाच संगणकावर बापाचें दप्तर निराळें, मुलीचें निराळें. खुणा, परवलीचे शब्द, पाहिलेल्या पानांची नोंद कांहींच एकत्र होत नाहीं. क्रोमला दप्तराची जागाच ओळींत सांगतां येते. 'किऑस्क' असा फांटा लावला तर खिडकीच्या पट्ट्या नाहींशा होऊन एकच पान सबंध पडदा व्यापतें. स्टेशनवर, संग्रहालयांत, वाचनालयाच्या सूचीजवळ असे पडदे दिसतात. तालुक्याच्या वाचनालयानें हें करावयाचें ठरविलें तर खर्च कांहीं नाहीं, एक ओळ पुरे. तथापि तेवढ्यानें संगणकास कुलूप लागलें असें समजूं नये. कळफळीवरील चार कळांच्या मेळानें चलाख मुलगा त्यांतून बाहेर येतो, आणि तो बंदोबस्त प्रणालींत निराळा करावा लागतो.

चित्रामागील ओळ डोळ्यांआड असल्याचा तोटाही आहे. विंडोजवर ब्राउझरच्या चित्राचे गुणधर्म उघडून पाहिले तर 'टारगेट' या शब्दापुढें ती ओळ दिसते. लुच्चे कार्यक्रम पुष्कळदां त्या ओळीच्या शेपटास आपल्या पानाचा पत्ता गुपचूप जोडून जात. मग ब्राउझर कितीदां नव्यानें बसविला तरी उघडतांच तेंच जाहिरातींचें पान येई, आणि मालक मांडणींत शोधून शोधून थके. दोष मांडणींत नसे, ओळींत असे. याहून गंभीर प्रकार म्हणजे सुरक्षेचीं कवचें काढून टाकणारे फांटे. प्रमाणपत्राच्या चुका दुर्लक्षाव्यात, पानांमधील भिंती पाडाव्यात, असे फांटे कार्यक्रम तपासणाऱ्यांच्या सोयीसाठीं ठेवलेले आहेत. कोणीतरी सांगितलेली ओळ न समजतां उतरवून घेणारा गृहस्थ त्याच ब्राउझरांतून बँकेचा व्यवहार करतो. दूरवरून तपासणी करण्याचा एक फांटा क्रोममध्यें आहे; चोरांनीं त्याचा उपयोग करून लोकांच्या नेहमींच्या दप्तरांतील प्रवेशाच्या खुणा लांबविण्यास आरंभ केला, तेव्हां २०२५ मध्यें १३६ व्या आवृत्तीपासून मूळ दप्तरावर तो फांटा चालेनासा करण्यांत आला. म्हणजे ओळीचें सामर्थ्य कांहींसें काढून घ्यावें लागलें. सोय गेली म्हणून कांहीं कुशल लोक कुरकुरले असतील. पण ज्यांना ओळ ठाऊकच नाहीं अशांचा विचार येथें आधीं होणें योग्यच होतें.

२०१७ मध्यें क्रोम व फायरफॉक्स या दोहोंत 'हेडलेस' म्हणजे बिनडोक्याचा असा फांटा आला. नांव विचित्र आहे, पण अर्थ असा कीं ब्राउझर खिडकी न उघडतांच चालतो. ओळींत पत्ता द्यावा. तो पान उतरवितो, त्यांतील सूत्रें चालवितो, आणि पानाचें चित्र किंवा छापण्याजोगी प्रत करून ठेवितो. क्रोममध्यें 'डंप-डॉम' असा एक फांटा आहे. तो पानाची बांधणी ओततो आणि निघून जातो. लिंक्सच्या 'डंप'ची आठवण व्हावी असाच हा प्रकार. कॅन्ससच्या मुलांनीं खिडकी नव्हती म्हणून जें केलें, तें पंचवीस वर्षांनीं खिडकी असून नको म्हणून केलें जात आहे. मोठ्या कंपन्यांत संकेतस्थळांची तपासणी रात्रंदिवस अशा बिनडोक्याच्या ब्राउझरांकडून होते. त्यांना सुरू करणारी ओळही माणूस टंकीत नाहीं. घड्याळ पाहून दुसरा कार्यक्रम टंकतो.

भारतांतील तारसेवा जुलै २०१३ मध्यें बंद झाली. टेलिटाइपचीं यंत्रें त्याच्या कितीतरी आधीं भंगारांत गेलीं. लिनक्स संगणकाच्या आज्ञेच्या ओळीवर 'टीटीवाय' हीं अक्षरें टंकून एंटर दाबलें तर संगणक आजही समोरच्या पडद्याचें नांव सांगतो. त्याच्या लेखीं कोणी टेलिटाइपवर बसलेलें आहे. तीच आज्ञा घड्याळाच्या हुकुमानें, कोणी माणूस समोर नसतां चालली, तर त्याचें उत्तर येतें, 'हा टीटीवाय नव्हे.'